न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : न्यायासनापर्यंतची बावीस वर्षांची वाटचाल

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या जडणघडणीचा विचार करताना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव प्रथम डोळ्यांसमोर उभे राहते. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि संस्थांचे जनक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु ज्या पदवीने ते घरोघरी ओळखले जातात ती 'न्यायमूर्ती' ही पदवी त्यांना सहजासहजी लाभलेली नाही. पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून ते पुण्यास रुजू झाले तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर ते बसले तेव्हा त्यांनी वयाची ५१ वर्षे पूर्ण केली होती. मधल्या बावीस वर्षांत बढत्या मिळाल्या, बदल्या झाल्या आणि सरकारचा संशयही वाट्याला आला. त्या बावीस वर्षांचा हिशेब मांडल्याखेरीज त्यांच्या नेमणुकीचे खरे मोल कळणार नाही.

बालपण आणि विद्यार्जन

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव तेथे मामलेदार कचेरीत नोकरीस होते. पुढे त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाल्याने महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. लहानपणी ते अबोल व काहीसे मंद वाटत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मातोश्रींनी बर्फीचे दोन तुकडे देऊन एक सोबतच्या गड्याच्या मुलाला देण्यास सांगितले असता या मुलाने मोठा तुकडा त्याला दिला व लहान स्वतः ठेवला, ही गोष्ट महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. आयुष्यभर देण्याघेण्याच्या बाबतीत त्यांची वृत्ती अशीच राहिली.

कोल्हापूरचे शिक्षण संपल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८५९ साली विद्यापीठाने घेतलेल्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले आणि १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चार पदवीधरांत त्यांचा समावेश झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे उरलेले तिघे. पुढे १८६४ साली एम.ए. व १८६६ साली एलएल.बी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. अतिवाचनाने त्यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली व हा त्रास त्यांना जन्मभर पुरला. उत्तरायुष्यात वर्तमानपत्रे व ग्रंथ दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याची चाहूल देणारा आहे. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राजवटीशी तुलना केली आणि मराठ्यांची बाजू उचलून धरली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना हा विद्यार्थी अतिशय प्रिय होता. तरीही त्यांनी त्यास बोलावून समज दिली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी थांबविली. महादेवरावांनी आपले मत बदलले नाही आणि ग्रँटसाहेबांविषयीचा आदरही कमी होऊ दिला नाही. मताशी प्रामाणिक राहावे, शिक्षा निमूटपणे सोसावी आणि मनात कटुता ठेवू नये, हा त्यांच्या स्वभावाचा धडा त्यांनी येथेच गिरवला.

नोकरीचा आरंभ

१८६२ साली निघालेल्या 'इंदुप्रकाश' पत्राच्या इंग्रजी विभागाचे लेखन रानडे यांनी काही काळ सांभाळले. मराठी विभाग विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित यांच्याकडे होता. शिक्षण पूर्ण होताच रानडे यांनी सरकारी भाषांतरकाराचे काम केले, अक्कलकोट संस्थानात कारभार पाहिला, कोल्हापुरात न्यायाधीशपद भूषविले आणि नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी व इतिहास हे विषय शिकविले. १८७१ साली ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबईत वकिली केली असती तर अल्पावधीत मोठी प्राप्ती झाली असती. परंतु त्यांनी सरकारी न्यायखात्याची नोकरी पत्करली आणि त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात दरमहा ८०० रुपये वेतनावर पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून ते पुण्यास आले.

पुण्यात १८७० साली गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. रानडे आले आणि सभेला विचारांचे बळ लाभले. शेतसारा, मीठ, दुष्काळ, हिंदुस्थानचा वाढता खर्च अशा प्रश्नांवर सभेने सरकारला पाठविलेल्या अर्जांमागे बहुतांशी त्यांचीच बुद्धी होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली. स्वदेशी मालावरील त्यांची व्याख्याने १८७२-७३ सालची आहेत. ती ऐकून सार्वजनिक काकांनी स्वतः सूत कातून खादी वापरण्याचा नेम धरला. वंगभंगाच्या चळवळीच्या आधी तीस वर्षे पुण्यात स्वदेशीचा हा विचार रुजला होता, याची नोंद कापडाच्या व्यवसायाशी संबंध असणाऱ्यांनी अवश्य घ्यावी.

दिवसा कचेरीत सरकारचे न्यायदान आणि संध्याकाळी सभेत सरकारच्या धोरणाची चिकित्सा, असा हा दुहेरी व्यवसाय होता. सरकारी नोकराने कायद्याच्या मर्यादेत राहून आपल्या देशबांधवांची गाऱ्हाणी मांडण्यात गैर काही नाही, अशी रानडे यांची धारणा होती. वरिष्ठांना मात्र ते रुचणे शक्य नव्हते.

संशयाचे वर्ष

१८७८ साली रानडे यांची बदली नाशिकला झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आग लागली आणि सरकारी अधिकाऱ्यांचा संशय पुण्याच्या सुशिक्षित वर्गाकडे वळला. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल हे होते. भर उन्हाळ्यात रानडे यांना ताबडतोब धुळे येथे रुजू होण्याचा हुकूम आला.

स्नेह्यांनी त्यांना नोकरीचा राजीनामा देण्याचा आग्रह केला. रानडे यांनी तो मानला नाही. जोवर नोकरी करावयाची आहे तोवर हुकूम पाळला पाहिजे आणि ज्या दिवशी तो पाळणे अशक्य वाटेल त्या दिवशी नोकरी सोडावी, असा त्यांचा साधा हिशेब होता. धुळ्यास त्यांची टपालाने येणारी पत्रे फोडून पाहिली जात. बंडाच्या खोट्या बातम्या देणारी व त्यांना गोवू पाहणारी पत्रेही येऊ लागली. ती पत्रे ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. संशय घेणाऱ्यांवर त्यांनी राग धरला नाही, तसेच आपले निर्दोषत्व पटविण्यासाठी कोणाचे उंबरठेही झिजविले नाहीत. काही काळाने संशय आपोआप निवळला. तथापि नोकरीच्या कागदावर एकदा उमटलेला डाग सहसा पुसला जात नाही.

१८८० साली लॉर्ड रिपन व्हाइसरॉय म्हणून आले, मुंबईचे गव्हर्नरही बदलले आणि वातावरण थोडे मोकळे झाले. १८८१ च्या आरंभी रानडे यांनी मुंबईत काही महिने प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून काम केले आणि पुन्हा ते पुण्यास आले.

शेतकरी, सावकार आणि न्याय

रानडे यांच्या न्यायखात्यातील कारकिर्दीचा सर्वांत मोलाचा भाग दख्खनच्या शेतकऱ्यांशी निगडित आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे व हिशेबाचे कागद जाळले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे या कायद्याखाली आले. रोख्यावर लिहिलेला आकडा प्रमाण मानून निकाल देण्याची जुनी रीत या कायद्याने बदलली. मूळ मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, या सर्वांचा हिशेब न्यायाधीशाने पहिल्यापासून तपासावा, रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सवलत द्यावी आणि शक्य तेथे दावा दाखल होण्यापूर्वीच तडजोड घडवून आणावी, अशी त्याची योजना होती.

कागदावर चांगला असलेला कायदा अंमलात आणण्यासाठी चारही जिल्ह्यांतील न्यायालयांवर देखरेख ठेवणारा अधिकारी हवा होता. आरंभी दुय्यम न्यायालयांची तपासणी रानडे यांच्याकडे आली. १८८४ साली ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि नंतर डॉ. पोलन यांच्या जागी या कायद्याखालील स्पेशल जज्ज म्हणून त्यांची नेमणूक झाली. वर्षातील कित्येक महिने ते फिरतीवर असत. तालुक्याच्या गावी मुक्काम करावा, दप्तर तपासावे, पक्षकारांचे म्हणणे ऐकावे आणि संध्याकाळी गावकऱ्यांना जमवून शिक्षण, आरोग्य वा उद्योग यांवर बोलावे, असा त्यांचा क्रम असे.

या कामात त्यांनी एका पक्षाची बाजू घेतली नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. रोख्यातील लबाडी त्यांना खपत नसे. त्याचबरोबर सावकारच नाहीसा झाला तर पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला बी-बियाण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्नही त्यांच्या नजरेआड झाला नाही. पतपुरवठ्याची नवी व्यवस्था उभी केल्याशिवाय केवळ कायद्याने कर्जबाजारीपणा दूर होणार नाही, म्हणून शेतीसाठी पेढ्या व पतसंस्था काढाव्यात, असे त्यांनी आग्रहाने मांडले. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. त्यामागे जो विचार होता तो रानडे यांनी कितीतरी आधी बोलून दाखविला होता.

खुर्चीची प्रतीक्षा

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. १८६१ च्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशांपैकी निदान एक तृतीयांश बॅरिस्टर आणि निदान एक तृतीयांश सनदी नोकर असणे आवश्यक होते. उरलेल्या जागांवर दीर्घ अनुभवाचे वकील किंवा ठरावीक दर्जाच्या न्यायालयांत पाच वर्षे काम केलेले न्यायाधीश यांची नेमणूक करता येत असे. प्रत्यक्षात हिंदी माणसाच्या वाट्याला एखादी जागा येई. ती जागा प्रथम कायमपणे नानाभाई हरिदास यांना १८८४ साली मिळाली. १८८९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा रानडे यांच्या न्यायखात्यातील सेवेला अठरा वर्षे होत आली होती. सरकारने काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची निवड केली.

तेलंग विद्वान होते, नामांकित वकील होते आणि रानडे यांचे स्नेही होते. वयाने ते रानडे यांच्याहून आठ वर्षांनी लहान होते. नेमणुकीच्या योग्यतेविषयी कोणाचेच दुमत नव्हते. परंतु ज्येष्ठ सहकारी मागे राहिला ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली नाही. रानडे यांनी मात्र आपल्या कामात वा तेलंगांशी असलेल्या स्नेहात अंतर पडू दिले नाही.

या प्रतीक्षेच्या काळात त्यांनी केलेले कार्य पाहिले तर माणूस थक्क होतो. १८८४ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. हुजूरपागा या नावाने ती शाळा प्रसिद्ध आहे. १८८५ साली ते मुंबई कायदेकौन्सिलचे सभासद झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, तेथे ते उपस्थित होते. १८८६ साली सरकारी खर्चात काटकसर सुचविणाऱ्या फायनान्स कमिटीवर त्यांची नेमणूक झाली. त्या निमित्ताने कलकत्त्यास मुक्काम असता त्यांनी बंगाली वाचण्याचा अभ्यास केला. १८८७ पासून सामाजिक परिषदेचे काम सुरू झाले आणि १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. कापूस व रेशमाची गिरणी, रंगाचा कारखाना, कागदाची गिरणी, व्यापारी पेढी असे उद्योग पुण्यात उभे राहिले, त्यांना त्यांचा सल्ला व उत्तेजन लाभले. याच सुमारास, १८८६ साली, आपल्या कुर्ल्यातील बंद पडलेली धरमसी मिल जमशेटजी टाटा यांनी विकत घेतली आणि तिला 'स्वदेशी' हे नाव दिले. रानडे व्याख्यानांतून जे सांगत होते ते कुर्ल्यात मागावर विणले जात होते. ती गिरणी आज चालू नाही, परंतु तिचे नाव कुर्लेकरांच्या तोंडी अद्याप आहे.

टीका आणि त्रुटी

थोर पुरुषांचे चरित्र सांगताना त्यांच्या उणिवा झाकू नयेत. १८७३ साली प्रथम पत्नीचे निधन झाले तेव्हा विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. या गोष्टीचा दोष समकालीनांनी त्यांना दिला आणि तो अनाठायी नव्हता. त्याच बालिकेला त्यांनी स्वतः लिहावाचावयास शिकविले, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध सोसूनही शिक्षण चालू ठेवले आणि त्यातून रमाबाई रानडे घडल्या, हे या प्रसंगाचे दुसरे अंग होय. पुढे सेवासदनाच्या रूपाने रमाबाईंनी असंख्य स्त्रियांना आधार दिला.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा घेतल्यावरून ग्रामण्य उठले. रानडे यांनी काही काळ बहिष्कार सोसला आणि शेवटी १८९२ साली स्नेह्यांच्या व आप्तांच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांना ते पुरेसे वाटले नाही आणि सुधारकांना ती माघार वाटली. सर्वांना बरोबर घेऊन चालण्याच्या त्यांच्या स्वभावाची ही किंमत होती.

उच्च न्यायालयात

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती तेलंग यांचे अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. रिक्त जागेवर २३ नोव्हेंबर १८९३ रोजी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. एकेकाळी ज्यांची पत्रे फोडली जात होती त्यांनाच सरकारने प्रांतातील सर्वोच्च न्यायासनावर बसविले. पुणेकरांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. निरोपाचे समारंभ झाले, त्यात वेगवेगळ्या पक्षांचे व जातींचे लोक सामील झाले. स्नेह्याच्या मृत्यूने मिळालेल्या या पदाचा आनंद रानडे यांना मात्र निर्भेळपणे भोगता आला नसेल.

मुंबईत त्यांनी सात वर्षे न्यायदान केले. हिंदू धर्मशास्त्र, इनामे, वतने, जमिनीचे हक्क व गहाणखते यांचे त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते. बावीस वर्षे तालुक्या-तालुक्यांतील दप्तरे पाहून ते मिळविलेले होते. खालच्या न्यायालयातील कज्जा कसा उभा राहतो, साक्षीदार कोठे अडखळतो, अशिक्षित पक्षकाराचा अंगठा कसा घेतला जातो, हे सर्व त्यांनी जवळून पाहिले होते. उशिरा मिळालेल्या खुर्चीवर ते भरपूर शिदोरी घेऊन बसले होते.

न्यायालयाचे काम संभाळून प्रार्थना समाज, विद्यापीठ आणि सामाजिक परिषद यांची कामे चालूच होती. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला स्थान मिळावे म्हणून ते झटले. १८९५ साली पुण्यात राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास मोठा विरोध झाला, तेव्हा वाद वाढवू न देता त्यांनी परिषद वेगळ्या ठिकाणी भरविली. १८९८ साली त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांचा संग्रह आणि १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत ज्या विषयावरील निबंधासाठी शिष्यवृत्ती गमावली, त्याच मराठ्यांच्या इतिहासावरील हा ग्रंथ त्यांच्या आयुष्याची अखेरची मोठी देणगी ठरला.

प्रकृती ढासळत गेल्याने त्यांनी रजा घेतली. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोनच दिवस उरले असता, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नंतर नारायण गणेश चंदावरकर न्यायासनावर आले. नानाभाई हरिदास, तेलंग, रानडे आणि चंदावरकर अशी ही परंपरा होय.

उपसंहार

गोपाळ कृष्ण गोखले यांनी रानडे यांना गुरू मानले आणि त्यांच्या शिकवणुकीवर आपले सार्वजनिक जीवन उभे केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या सभेत व्याख्यान देऊन त्यांच्या थोरवीची मीमांसा केली. पन्नास वर्षांच्या अंतराने, वेगळ्या वाटेने चालणाऱ्या विचारवंतालाही रानडे यांची दखल घ्यावीशी वाटली, यातच सर्व काही आले.

कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी मागे वळून पाहताना हे चरित्र आठवणे उचित ठरेल. रानडे यांना मान उशिरा मिळाला. मधल्या काळात रुसून बसणे किंवा तत्त्व सोडून मर्जी संपादणे हे दोन्ही मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांनी ते दोन्ही टाळले आणि हाती असलेले काम चोख करीत राहिले. संस्था काढाव्यात, त्यांचे हिशेब स्वच्छ ठेवावेत, त्या चालविणारी माणसे तयार करावीत आणि मग मागे सरावे, ही त्यांची रीत होती. त्यांच्या हातून लागलेली कितीतरी रोपे आज सव्वाशे वर्षांनंतरही सावली देत आहेत. अशा या थोर न्यायमूर्तींच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.